बांबूची बस

वस्तीच्या रस्त्यावर बस वळणार नाही, असं डेपोनं लेखी कळवलं, तेव्हा वस्तीनं ठरवलं की मग आपणच बस वळवून बघू. बस नव्हती, एवढीच काय ती अडचण.

ती अडचण गवंड्यानं सोडवली. या गवंड्याला वस्तीत कुणी नावानं हाक मारत नसे. भिंत सरळ आहे का बघायला दोरीला लोखंडी वजन बांधून सोडतात तो ओळंबा कायम त्याच्या खिशात असायचा आणि माणूसही तसाच, मान खाली, बोलणं कमी, जे बोलेल ते सरळ. म्हणून त्याचंच नाव ओळंबा पडलं. त्यानं बांबू आणले, दोरखंड आणले आणि शाळेपुढच्या मोकळ्या जागेत दोन दिवसांत एक सांगाडा बांधला. छत्तीस फूट लांब, साडेआठ फूट रुंद. पुढे दोन्ही बाजूंना आरशांच्या जागी दोन खराटे आडवे खोचले, कारण आरसे बाहेर येतात आणि आधी तेच आपटतात, हे ओळंब्यानं डेपोत जाऊन नीट पाहून ठेवलं होतं.

सोमवारी सकाळी अठरा माणसांनी तो सांगाडा कमरेइतका उचलला. चक्कीवाला पुढे ड्रायव्हरच्या जागी, कारण तो सगळ्यांत उंच आणि आवाजानं मोठा. शेळीवाली मावशी मधे तिकीट मागत होती. पोरंटोरं आत शिरून प्रवासी झाली होती आणि फुकट प्रवास म्हणून भलतीच खूश होती.

"पुढं सरका, मागं रिकामं आहे!" मावशी ओरडली.

"मावशी, शेळीचं अर्धं तिकीट की पूर्ण?"

"शेळी शहाणी आहे, तिला कुठं जायचं ते माहीत असतं. तुझंच पूर्ण घेते."

चढ चढताना सगळ्यांच्या पोटऱ्या भरून आल्या. थंडी सरत आली होती, कोरडा वारा सुटला होता, तोंडात धूळ जात होती. खालच्या फाट्याकडून वर यायचं, वस्तीतून वळसा घ्यायचा आणि खाणीच्या रस्त्यानं परत खाली उतरायचं, असा तो नवा मार्ग. म्हणजे बसला कुठेही मागे यावं लागू नये. रस्त्यात चार वाकडी वळणं होती. पहिल्या वळणावर एक कुंपण दोन फूट मागे घेतलं. दुसऱ्यावर बाभळीची फांदी तोडली. तिसऱ्याला काही लागलंच नाही. चौथं वळण ओळंब्याच्या स्वतःच्या घराजवळ. एका अंगाला त्याच्या नव्या खोलीचा दगडी कोपरा, दुसऱ्या अंगाला दरड आणि दरडीखाली चक्कीचं पत्र्याचं छप्पर. तिथे मागच्या सहा माणसांनी पावलं आडवी टाकत सांगाड्याचं शेपूट हळूच बाहेर नेलं आणि सांगाडा कोपऱ्याला न शिवता सुटला. एक खराटासुद्धा हलला नाही.

"पास!" चक्कीवाला गरजला. सगळ्यांनी सांगाडा खाली टाकून टाळ्या वाजवल्या.

ओळंब्याच्या ओट्यावर त्याचा बाप बसला होता. एकतीस वर्षं त्यानं बस चालवली होती. सगळे त्याला ड्रायव्हरबाबा म्हणत. एकतीस वर्षांत त्याच्या गाडीखाली एक कोंबडी आली होती आणि तीसुद्धा तिचीच चूक होती, असं तो आजही शपथेवर सांगे. एरवी गाडीचा विषय निघाला की त्याला थांबवावं लागे. आज त्यानं टाळी वाजवली नाही. गुडघ्यावर हात ठेवून तो कोपऱ्याकडे बघत राहिला आणि मग आत जाऊन पडला.

बस बंद होऊन तीन वर्षं झाली होती. आधी जुन्या रस्त्यावरचा पूल खचला, म्हणून बस फाट्यावरच थांबायला लागली. फाट्यावर प्रवासी कमी म्हणून फेऱ्या कमी झाल्या. फेऱ्या कमी म्हणून प्रवासी आणखी कमी झाले. असं दोन्ही बाजूंनी घटत घटत एक दिवस शून्य उरलं, आणि शून्याला बस सोडता येत नाही, असं डेपोचं म्हणणं पडलं. त्यात चूक काढायला जागा नव्हती. फक्त वस्तीत साडेचारशे माणसं अजून राहत होती, तेवढी कुठल्या रकान्यात बसत नव्हती.

त्या साडेचारशेंतली एक ओळंब्याची बायको. खाली मोठ्या दवाखान्याच्या धुलाईघरात ती अकरा वर्षं कामाला होती. पक्की नोकरी. सकाळी सातची पाळी, म्हणून पाचला घर सोडायची आणि दीड-पावणेदोन तास चालायची. येताना चढ. चपला हातात घेऊन यायची, कारण तळवे कायम ओले राहून टाचा फुटलेल्या आणि चढावर पट्टा नेमका भेगेत बसायचा. आता धुलाईघरात नव्या बाई मुख्य म्हणून आल्या होत्या. पुढच्या महिन्यापासून पाळी सहाची. सहाला सही नसेल तर नाव कमी. आधीच दोनदा उशीर झाल्यावर बाईंनी तिला सगळ्यांसमोर बॉयलरच्या दाराशी अर्धा तास उभं केलं होतं आणि हजेरीवर लाल शाईनं रेघ ओढली होती.

सहाला पोचायचं तर चारला निघायचं, खाणीच्या कडेनं, काळोखात. नाहीतर खाली भाड्यानं खोली घ्यायची. सहा दिवस ती खाली, एक दिवस वर. हे दोघांनाही ठाऊक होतं, म्हणून दोघंही त्यावर बोलत नसत.

डेपोच्या खिडकीवर तीच बोलली होती. ओळंबा नुसता मागे उभा.

"तुमच्या गल्लीत हातगाडी तरी वळते का?" खिडकीतल्या साहेबानं विचारलं होतं. शेजारचे दोघं हसले.

"तुम्ही येऊन मोजलंत?"

"मोजायचं काय? नकाशात दिसतंय."

"नकाशात माझं घर दिसतं का साहेब?"

साहेबानं नकाशाकडे पाहिलं. दिसत नव्हतं.

तेवढ्यात ओळंबा तिथून नाहीसा झाला होता. तो सापडला आवारात, उभ्या बसच्या पोटाखाली, उताणा, हातात फुटपट्टी. पहारेकरी त्याचे पाय धरून ओढत होता आणि हा आतून आकडे पुटपुटत होता. कागद नव्हता म्हणून पेन्सिलीनं दंडावर लिहीत होता. साहेब बाहेर आला, ते बघून आधी चिडला आणि मग त्याला हसू आवरेना.

"बरं," तो म्हणाला, "गुरुवारी दुपारी एक रिकामी गाडी पाठवतो. एकदाच. मागे न घेता एका दमात वळसा पुरा झाला तर मार्ग मंजूर. पहिली गाडी पाच दहाची. अडकली, तर पुन्हा या खिडकीवर यायचं नाही. कबूल?"

"कबूल," बायको म्हणाली. दंडावरचे आकडे पुसले जाऊ नयेत म्हणून ओळंबा घरी येईपर्यंत हात अंगापासून लांब धरून चालला होता.

मंगळवारी सकाळी बाबांनी त्याला हाक मारली.

"तुझ्या त्या दोन ढकलगाड्या आण. सिमेंट वाहायच्या."

"कशाला?"

"आण तर."

वस्ती कामाला पांगली होती. सांगाडा ओट्याजवळच पडला होता. बाबांनी काठीनं त्याच्या पुढच्या टोकापासून मोजायला सुरुवात केली, मग काठी टाकून दिली आणि नुसतेच चालत गेले. एका जागी टाच रुतवली. "इथं मागची चाकं. पुढच्या चाकापासून अठरा फूट. तू लांबी मोजलीस, रुंदी मोजलीस, उंची मोजलीस, आरसे मोजलेस. चाकं मोजलीस?"

ओळंब्यानं दंडाकडे पाहिलं.

"बांध."

ढकलगाड्यांची चाकं काढून त्यानं ती बाबांनी दाखवली तिथे, दोन्ही अंगांना, सांगाड्याखाली घट्ट बांधली. मग मावशीला आणि दारावरून जाणाऱ्या दोघांना बोलावून सांगाडा वळणाआधी मागे नेला आणि पुढचं टोक उचलून ओढायला लावलं. मागे कुणी हात लावायचा नाही, अशी बाबांची ताकीद. पुढची माणसं दरडीच्या अगदी कडेनं वळली. मागची चाकं त्यांच्या मागून गेली नाहीत. ती आत आत येत राहिली, कुणीतरी त्यांना घराकडे बोलावतंय अशी, आणि करकचून एक बांबू दगडी कोपऱ्यावर येऊन बसला. वाकला. तडकला.

"अगंबाई," मावशी म्हणाली. "काल तर गेली होती!"

"काल बस नव्हती, खेकडा होता," बाबा म्हणाले. "मागच्यांनी पाय आडवे टाकले. बसच्या मागच्या चाकांना पाय नसतात आणि डोळेही नसतात. ती ओढली जातात, आणि ओढली गेली की आतून जातात. जा तुम्ही आता. कुणाला सांगू नका."

मावशी गेली. ती सांगणार नव्हती, निदान जेवायच्या वेळेपर्यंत तरी.

ओळंब्यानं बांबू सोडवला आणि वाकून मोजलं. कोपऱ्याचे सव्वादोन फूट आड येत होते. खालपासून छतापर्यंत. दरडीच्या बाजूला एक वीत रस्ता उरला होता आणि त्याखाली चक्कीचा पत्रा. तिकडून काही मिळण्यासारखं नव्हतं.

हा कोपरा म्हणजे ओळंब्याची पाटी होती. दोन वर्षं लोकांची घरं बांधून उरलेल्या वेळात त्यानं ही खोली उभी केली होती. कोपऱ्याचा एकेक दगड त्यानं स्वतः छिन्नीनं काढला होता. सांध्यात नख जात नसे. खालच्या गावांतली माणसं काम ठरवायला आली की आधी हा कोपरा बघत, हात फिरवत, मग भाव करायचे विसरत.

"काल का नाही बोललात?" त्यानं विचारलं.

"काल सगळी वस्ती होती." बाबा ओट्यावर बसले. गुडघा दोन्ही हातांनी उचलून सरळ केला. "घर तुझं आहे. चारचौघांत मी त्याच्यावर बोट ठेवलं असतं, तर तुला नाही म्हणता आलं असतं का?"

ओळंब्यानं बापाकडे पाहिलं. तोंडाला कुलूप नसलेला हा माणूस सबंध रात्र हे पोटात घेऊन झोपला होता, त्याच्या शेजारच्या खोलीत.

"चांगला ड्रायव्हर असला तर निघेल?"

"मी चांगला होतो," बाबा म्हणाले. "मी काढली नसती."

संध्याकाळी बायको आली. ओट्यावर बसून तिनं पाय गरम पाण्यात घातले आणि डोळे मिटले. त्यानं पाण्यात आणखी पाणी ओतलं.

"बाई काय म्हणाल्या?"

"काय म्हणणार. परवाच्या सुट्टीचं विचारलं, बस बघायला. म्हणाल्या, बस बघायला सुट्टी? तुमच्याकडं काय विमान उतरतंय?" ती डोळे न उघडता हसली. "खालच्या गल्लीत एक खोली आहे. मी आज बघून आले."

"कशी आहे?"

"खोली आहे. खिडकी नाही."

पाणी थंड होईपर्यंत दोघं तसेच बसले.

बुधवारी ती पाचला बाहेर पडली. तिचा कंदील वळणाआड गेला आणि ओळंब्यानं छताखाली पहिला टेकू लावला. एकूण पाच टेकू, दोन आडव्या तुळया. छताचा सगळा भार त्यांच्यावर घेतला, खिशातून ओळंबा काढून प्रत्येक टेकू तपासला आणि मग छिन्नी वरच्या दगडाच्या सांध्यावर ठेवून हातोडा मारला.

दगड हलला नाही. पुन्हा मारला. छिन्नी उसळून अंगठ्यावर आली. लोकांच्या भिंती पाडताना तो ज्यानं बांधली त्या गवंड्याला मनसोक्त नावं ठेवत असे. आज ती सोय नव्हती. चुना असा धरून बसला होता की दगड फुटत होता पण सांधा सुटत नव्हता. पहिला दगड निघायला तास गेला. तो त्यानं दोन्ही हातांनी छातीशी धरून खाली आणला आणि नीट, तोंड वर करून ठेवला.

मावशीनं जेवायच्या वेळेपर्यंत दम धरलाच नव्हता. आठ वाजता चक्कीवाला चक्की बंद करून आला, अंगावर पिठाची पांढरी साय घेऊन.

"ओळंब्या! अरे, जगाच्या भिंती सरळ केल्यास आणि स्वतःची तिरकी करतोस?"

"पहार धर."

"धरतो. पण मला एक सांग, माझ्या पत्र्यावर यातला एक दगड आला तर भरपाई डेपो देणार की तू?"

"पहार धर रे बाबा."

त्यानं पहार धरली. मग आणखी माणसं आली, कुणी न बोलावता. सोमवारी ज्यांनी पाय आडवे टाकून बस पास केली होती ते मागचे सहाजण तर जरा ओशाळूनच आले आणि सगळ्यांत जड दगड त्यांनीच वाहिले. दुपारी कोपरा गेला होता. घराला बाजूनं एक मोठं भोक पडलं होतं आणि त्यातून आतली खाट, कपड्यांची दोरी, बाबांची औषधाची बाटली, सगळं रस्त्यावर आलं होतं. घर असं उघडं पडलं की माणसाला पंगतीत धोतर सुटल्यासारखं वाटतं. ओळंबा तिकडे पाठ करून काम करत राहिला. सांजेपर्यंत नव्या तिरक्या भिंतीचे कमरेइतके थर चढले.

बायको वर आली तेव्हा चपला तिच्या हातातच राहिल्या.

ती बराच वेळ उभी होती. माणसं एकेक करून आपापली हत्यारं उचलून निघून गेली. चक्कीवालासुद्धा काही न बोलता गेला, ही मोठीच गोष्ट.

"अहो," ती म्हणाली. "मला विचारलं नाहीत."

"नाही."

"या खोलीचं पाणी मी वाहिलंय. दोन उन्हाळे. विहिरीपासून."

"माहीत आहे."

"मी नको म्हणाले असते असं वाटलं?"

"हो म्हणाली असतीस." त्यानं थापी पाण्यात बुडवली. "मग हात चालला नसता."

तिची नजर त्याच्या हाताकडे गेली. अंगठा काळानिळा झाला होता. मग तिनं चपला भिंतीच्या थरावर ठेवल्या, पदर खोचला आणि चुन्याचं घमेलं उचललं. "आणखी किती थर?"

"आज दोन."

"बाजूला व्हा. तिथं उभं राहून माझी वाट अडवताय."

गुरुवारी दुपारी बारा वाजता खालच्या फाट्याकडून आवाज आला. वस्ती दारात, ओट्यावर, झाडावर. तीन वर्षांत जन्मलेली पोरं आयांच्या कडेवर होती. त्यांनी इतकी मोठी गोष्ट आपणहून हलताना पाहिली नव्हती. बस पहिल्या चढावर आली तेव्हा त्यांतलं एक पोर रडायला लागलं आणि बाकीच्यांनी तोंडातली बोटं काढली नाहीत.

ओळंब्यानं बस पोटाखालून पाहिली होती, दंडावर लिहिली होती, बांबूत बांधली होती. ती एवढी मोठी आहे, हे त्याला आत्ता कळत होतं. वस्तीतली घरं तिच्यापुढे खुजी झाली. कौलांवरून तिचं छत सरकत येत होतं.

चौथ्या वळणाआधी बस थांबली. पुढे साहेब, मांडीवर फाईल, हातात घड्याळ. ड्रायव्हरचं दार उघडलं आणि एक किरकोळ अंगाची बाई खाली उतरली. पस्तिशीची असेल. केस घट्ट बांधलेले, बाह्या दुमडलेल्या.

"बाई चालवतेय?" मावशी कुजबुजली. कुजबूज वस्तीभर ऐकू गेली.

बाईनं कुणाकडे पाहिलं नाही. ती वळणावर चालत आली. आतल्या अंगानं एकदा, बाहेरच्या अंगानं एकदा, पावलं मोजत. नव्या भिंतीच्या ओल्या सांध्यावर तिनं तळहात ठेवला आणि काढला. मग दरडीच्या कडेला उकिडवी बसून माती दाबून पाहिली.

"इथली जमीन कोण ओळखतो?"

बाबा पुढे आले. काठी टेकत, हळूहळू. अंगात जुना खाकी सदरा, त्याची वरची गुंडी लागत नव्हती.

"तुम्ही चालवायचात?"

"एकतीस वर्षं."

"मग मला हात करू नका, ओरडू नका," ती म्हणाली. "चाक जिथपर्यंत आणलं तर खचणार नाही, तिथं जाऊन उभे राहा. मी तुमच्यापर्यंत आणीन."

बाबांनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग ते दरडीच्या काठावर गेले. जमीन टाचेनं ठोकली, अर्धं पाऊल मागे घेतलं, पुन्हा ठोकली. मागे एक वीतभर जागा आणि मग पत्रा. तिथे त्यांनी पाय रोवले. काठी त्यांनी चक्कीवाल्याकडे दिली. काठीशिवाय ते घरातसुद्धा उभे राहत नसत.

"बाबा," ओळंब्याच्या तोंडून निघालं.

"तू तुझी भिंत बघ."

ओळंबा अर्ध्या बांधलेल्या भिंतीआड, टेकूंच्या मधे जाऊन उभा राहिला. बस सुरू झाली. ती थेट बापावर चालून गेली. बाईनं वेग वाढवला नाही आणि कमीही केला नाही. बसचं तोंड बाबांच्या तोंडापाशी आलं, काचेत ते दिसू लागले, पांढऱ्या मिशा, न लागणारी गुंडी, सगळं. वस्तीत एकही माणूस श्वास घेत नव्हता. बाबांची पापणी हलली नाही. मग, सदऱ्याला वारा लागेल एवढ्यावरून, ते प्रचंड तोंड बाजूला वळलं.

आणि ओळंब्याच्या खोलीत अंधार झाला. बसची कड भिंतीशी आली. एक खिडकी गेली, दुसरी गेली, रिकाम्या आसनांच्या रांगा त्याच्या डोळ्यांपुढून संथ सरकत होत्या. पत्र्यावरचा एकेक खिळा त्याला मोजता येत होता. मागचं चाक आलं, त्याच्या कमरेइतकं उंच, आत आत येत, अगदी बाबांनी सांगितलं तसं, घराकडे ओढल्यासारखं. त्यानं नकळत भिंत आणि बस यांच्या फटीत हात धरला. चार बोटं. पाचवं मावलं नसतं. तळहातावर बसची ऊब लागली. चुन्याचा एक कणसुद्धा पडला नाही. लोकांनी भाव करायचं विसरावं असं काम त्यानं आयुष्यभर केलं होतं. समोरून जाणाऱ्या या कामापुढे त्याला आपला हातोडा पोरखेळ वाटला.

उजेड परत आला. बस वळली होती.

कुणी टाळी वाजवली नाही. सोमवारी वाजवून झाल्या होत्या, आणि हे टाळीत बसणारं नव्हतं. मावशी फक्त डोक्यावर ठेवलेले दोन्ही हात काढायला विसरली होती.

पुढे जाऊन बस थांबली. साहेबानं घड्याळ पाहिलं, फाईलवर काही लिहिलं. "सोमवारपासून," तो खिडकीतून म्हणाला, "पाच दहा." मग जरा थांबून म्हणाला, "गाडी रिकामीच खाली चाललीय. कुणाला यायचं असेल तर या."

ओळंबा चढला. त्याला बसायचं सुचलं नाही. दांडा धरून तो उभा होता. खाणीच्या कडेचा रस्ता, जो त्याची बायको तीन वर्षं पायांनी मोजत होती, तो खिडकीतून भराभर मागे पडत गेला. ही उतरण, हे वळण, हा पाण्याचा हौद, इथे ती बसते म्हणाली होती. एकेक जागा ओळखेपर्यंत निघून जात होती. दवाखान्याच्या फाटकावर तो उतरला.

धुलाईघर मागच्या अंगाला होतं. अकरा वर्षांत तो इथे एकदाही आला नव्हता. दारातच वाफेचा भपकारा तोंडावर आला. आत माणूसभर उंचीची लोखंडी पिंपं गरगरत होती, जमीन थरथरत होती, आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत चादरींचे डोंगर. रक्ताचे, औषधांचे, परक्यांच्या आजारांचे डाग पडलेल्या चादरी एका बाजूनं आत जात होत्या आणि दुसऱ्या बाजूनं पांढऱ्याशुभ्र निघत होत्या. सात-आठ बायका गुडघाभर ओल्यात उभ्या होत्या. त्यातली एक, पाठमोरी, भिजलेल्या चादरीचा पीळ एका झटक्यात खांद्यावर घेत होती. तेवढा भार उचलायला बांधकामावर दोन गडी लागले असते. ती वळली तेव्हा त्याला कळलं की ती त्याची बायको आहे.

तिनं त्याला पाहिलं. अंगावर चुना, अंगठ्याला चिंधी. तिचा चेहराच उतरला. पीळ खाली पडला.

"बाबा? बाबांना काय झालं?"

"काही नाही. बरे आहेत." त्यानं चुन्याचा हात सदऱ्याला पुसला. "बसनं आलो."

तिचे डोळे वर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेले, आणि ओठ हलले. नव्या पाळीचा सहाचा ठोका ती मागे मागे मोजत होती.

"किती वेळ लागला?"

"बावीस मिनिटं."

"बावीस," ती म्हणाली. मागच्या बायकांनी काम थांबवलं होतं. मुख्य बाई काचेच्या खोलीतून उठून बघत होत्या. ती हळूच चादरींच्या ढिगावर टेकली, दोन्ही ओले पाय समोर पसरून. त्या पायांकडे तिनं असं पाहिलं की जणू कुणी उसने नेलेले आज परत आणून दिले होते.

पिंपाची धडधड चालूच होती. ओळंबा वर, छताखाली साचलेल्या वाफेकडे, पुन्हा चादरींकडे, पुन्हा तिच्या दंडांकडे बघत होता.

"हे सगळं रोज?" त्यानं विचारलं.

"रोज."

ती उठली, ओल्या हातांनी तोंड पुसलं, आणि धुतलेल्या चादरीचं एक टोक त्याच्याकडे फेकलं.

"आता आलाच आहात तर धरा. घट्ट धरा, मी पिळणार आहे."